खान्देशात जादूवाल्यांची मर्डर मिस्टरी लिहायची असेल तर: आधी नियम, मग मुडदा

मी पहिल्यांदा असली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा नव्वदेक पानं झाल्यावर मोठ्या हौसेने वहिनीला वाचायला दिली. तिने भाजी निवडता निवडता चाळीस पानं वाचली आणि मला म्हणे, भाऊजी, तुमची ती म्हातारी भिंतीतून आरपार जाते ना, मग खोलीचं दार आतून बंद होतं याचं एवढं काय कौतुक? झालं. सगळं मुसळ केरात. कारण माझी अख्खी मिस्टरी त्या बंद दारावर उभी होती आणि दार कुणी बंद केलं, कसं केलं, यावर मी रात्र रात्र जागलो होतो. नंतर दोन वर्षं हेच करत बसलो, पाडायचं, परत बांधायचं, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे सांगतो. ज्यांना आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या मातीत अर्बन फॅन्टसी लिहायची खाज आहे त्यांच्यासाठी.

अर्बन फॅन्टसी म्हणजे काय ते फार ताणत नाही. आजचं गाव किंवा शहर, मोबाईल, लोडशेडिंग, पतसंस्था, सगळं आहे तसंच, आणि त्याच्याच पोटात एक लपलेली जादूवाली वस्ती. त्यात खून. बस.

आता पहिली चूक सगळे इथेच करतात, वस्ती लपवायला जागा शोधताना. भुसावळ जंक्शन दिसलं की लगेच छुपा प्लॅटफॉर्म. नको रे बाबा, झालंय ते वापरून. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा, म्हणून कुणीतरी साडेचार नंबरची गल्ली काढणार हे पण ठरलेलं, तेही नको. काठ्या, काळे झगे, घुबडं यातलं काहीच आपल्या ४५ डिग्रीत टिकणार नाही, झगा घातलेला जादूगार दुपारी बारा वाजता सावद्याच्या स्टँडवर चक्कर येऊन पडेल. जागा अशी घ्या की जिच्यासमोरून लोक रोज जातात पण बघत नाहीत. भुसावळची रेल्वे कॉलनी त्यासाठी चांगली आहे, तिथे बदलीवर आलेली माणसं, कोण कुठला कुणी विचारत नाही. जळगावची सराफ लाईन चांगली आहे. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचं, एक हलवला की दुसरा हलायचा, असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्यावरून एक नुसती कल्पना सुचली तरी अर्धी कादंबरी होते. मी मात्र रावेर-सावदा पट्टा घेतला, केळीचा, का ते पुढे कळेल.

वस्ती लपलेली का आहे याला कारण पाहिजे, आणि ते गोष्टीच्या आतलं पाहिजे, उगाच आपली परंपरा म्हणून नको. आपल्याकडे कारण आयतं आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड. तो कायदा भोंदूंसाठी आहे आणि बरोबरच आहे, पण लेखक म्हणून विचार करा, ज्याच्या हातात खरंच काहीतरी आहे तो माणूस पोलीस स्टेशनात काय सांगणार? खरं सांगितलं तरी भोंदू ठरणार, खोटं सांगितलं तर खुनात अडकणार. असा कात्रीत सापडलेला साक्षीदार फुकट मिळतोय, घ्या.

इथे एक गोष्ट थांबून बोलतो कारण ती लोक हसण्यावारी नेतात. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीव पण जातात. हे कादंबरीतलं नाही, खरं आहे. त्यामुळे आदिवासी पाड्यावरची म्हातारी म्हणजे चेटकीण आणि शेवटी तीच खुनी, असलं लिहू नका. वाचकाला भीती वाटावी म्हणून तुम्ही जे चित्र काढता तेच चित्र दाखवून कुणाचं तरी घर जळतं. उलटं करा ना, गाव जिच्यावर संशय घेतं ती निर्दोष आणि तिच्यावरचा आळ हा खुन्याने मुद्दाम पसरवलेला, यात मिस्टरी पण जास्त आहे आणि कोणाच्या जिवावर पण उठत नाही.

आता मेन मुद्दा, जादूचा नियम. जादूने काय होतं यापेक्षा काय होत नाही ते आधी लिहून काढा, आणि प्रत्येक वेळी काय मोजावं लागतं ते पण. वहिनीने मला जे शिकवलं ते हेच. माझ्या गोष्टीत मी असं ठरवलं की जादू करणारा ज्या वस्तूवर जादू करतो त्या वस्तूचं मायबोलीतलं नाव तो कायमचा विसरतो. विहिरीला पाणी आणलं, विहीर हा शब्द गेला. गाईचा आजार काढला, गाय गेली, म्हणजे गाय गोठ्यातच आहे, शब्द गेला. फक्त मायबोलीत लहानपणी शिकलेला जातो, मागाहून उसना घेतलेला राहतो. बास, एवढाच नियम. आणि मेलेल्याला उठवता येत नाही, मनातलं वाचता येत नाही, आरपार जाता येत नाही. ही शेवटची तीन तर कुठल्याही मिस्टरीत बंदच ठेवा, मेलेला उठून खुन्याचं नाव सांगायला लागला तर तुम्ही तीनशे पानं काय करणार?

या नियमाचा फायदा बघा. एक तर म्हातारी माणसं जेवढी जास्त जादू करत आली तेवढी त्यांची अहिराणी फाटत गेलेली, बोलताना अडखळतात, ते हे ते हे करतात, आणि बाहेरच्याला वाटतं वय झालंय. वस्ती अशी लपते. दुसरं, वस्तीत एक बाई आहे जी कुणाचा कोणता शब्द गेला याचा हिशोब ठेवते, म्हणजे कुणी चोरून जादू केली तर बोलण्यावरून पकडता येतं. तिसरं, नियमच पुरावा झाला. मिस्टरीत जादू ही पळवाट नको, ती फिंगरप्रिंटसारखी पाहिजे, केली की मागे काहीतरी राहिलंच पाहिजे.

मेलेली कोण? तीच हिशोबवाली म्हातारी. कारण हिशोब ठेवणारा माणूस मरतो तेव्हा अख्ख्या वस्तीला कारण असतं, संशयित शोधत फिरावं लागत नाही.

तपास कुणी करायचा यात लोक शहरातला हुशार इन्स्पेक्टर आणतात. आणा, पण त्याला वस्तीत कोण घुसू देणार? मी पोलीस पाटील घेतला. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला, गावचाच माणूस, गावात संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला कळवणं त्याचं कामच, मानधन थोडं आणि डोक्याला ताप भरपूर. वर त्याची आई त्या वस्तीतली. म्हणजे खबर दिली तर वस्ती उघडी पडते, नाही दिली तर त्याचं पद जातं. त्याला बुद्धिमान करायची गरजच पडली नाही, नुसता अडकवला की तो आपोआप विचार करायला लागतो.

कायद्याचं थोडं बघून घ्या म्हणजे वाचणारे पोलीस हसणार नाहीत. १ जुलै २०२४ नंतरची गोष्ट असेल तर खून म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, आणि अकस्मात मृत्यूची चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. त्याआधीची असेल तर जुनं ३०२ आणि १७४. पण गावातला माणूस आज पण तीनशे दोनच म्हणतो, त्यामुळे पात्राच्या तोंडी तेच ठेवा, कागदावर फक्त नवीन.

आता मुडदा. इथे मला खरं खान्देश कामाला आलं, म्हणून हे जरा सविस्तर.

परदेशी मिस्टरीत डॉक्टर येतो, अंगाचं तापमान घेतो आणि सांगतो, रात्री दहाच्या सुमारास मेला. हे गणित कशावर चालतं, तर माणसाचं अंग ३७ ला असतं आणि मेल्यावर हळूहळू बाहेरच्या हवेइतकं थंड होत जातं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. अंग थंड होणार कुठून? त्यामुळे थर्मामीटर बाजूला राहतो आणि डॉक्टर बाकीचं बघतो, अंग किती ताठलंय, रक्त कुठे उतरून बसलंय, पोटावर उजवीकडे खाली हिरवट डाग आलाय का. उन्हाळ्यात हे सगळं भराभर होतं. ताठरपणा उन्हाळ्यात साधारण १८ ते ३६ तासांत जातो, हिवाळ्यात तोच २४ ते ४८ तास राहतो, आणि हिरवा डाग उन्हाळ्यात १२ ते १८ तासांतच दिसायला लागतो. म्हणजे काय, जर कुणी मुडदा थंड जागी ठेवला तर घड्याळ मागे पडतं आणि डॉक्टरला वाटतं माणूस कालच मेला.

आणि रावेर पट्ट्यात भर मे महिन्यात थंड जागा कोणती? केळीचं रायपनिंग चेंबर! कच्ची केळी क्रेटमध्ये भरून आत लावतात, १६ ते १८ डिग्रीला ठेवतात, इथिलीन गॅस अगदी थोडा सोडतात आणि साधारण एक दिवस दार उघडत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं पण गोष्टीत कसं बसवायचं ते सुचत नव्हतं, एकदा लग्नाला जाताना चेंबरवाल्याकडे गाडी थांबली होती, बाहेर भट्टी आणि दार उघडलं की आतून गार वारा अंगावर आला, तिथेच सगळं जुळलं. लग्नात मग माझं लक्ष नव्हतं, पंगतीत काय वाढलं ते पण आठवत नाही.

तर माझी वेळ अशी बसली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी आठला खून, गळा आवळून. नऊ वाजता म्हातारी चेंबरमध्ये, क्रेटवर उताणी, गुडघे पोटाशी दुमडून, म्हणजे ताठली तरी नंतर बसवता येईल. आखाजीला मजूर सुट्टीवर म्हणून कुणी दार उघडायला येत नाही. आखाजीच्या रात्री तीन वाजता बाहेर काढून निंबाखाली झोक्याजवळ खोडाला टेकवून बसवली. सकाळी झोका खेळायला आलेल्या माहेरवाशिणींनी बघितली. दहाच्या सुमारास डॉक्टर बघतो, अंग अजून ताठ, हिरवा डाग जेमतेम, म्हणजे काल रात्री मेली असं तो सांगतो. खरे तास ३८ झालेत. आणि काल रात्री खुनी कुठे होता? पत्ते खेळत, वीस जणांसमोर.

हे लिहिल्यावर भोक दिसलंच मला. आखाजीचा अख्खा दिवस म्हातारी दिसली नाही तर कुणी विचारलं नाही? एवढा मोठा सण, खापरावरची पुरणपोळी, आमरस, सगळं घर भरलेलं. अशी भोकं जादूच्या नियमाने नाही, वस्तीच्या रीतीने बुजवा. मी रीत टाकली की हिशोबवाली आखाजीला दार लावून मौन धरते आणि वर्षाचे गेलेले शब्द लिहिते, त्या दिवशी तिला कुणी हाक पण मारत नाही. ही रीत सुरुवातीच्या प्रकरणात, खून व्हायच्या खूप आधी, सहज येऊन जाते. नंतर टाकली असती तर वाचकाने शिव्या दिल्या असत्या.

पुरावे दोन. एक, रक्त. माणूस मेल्यावर रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि सहा ते बारा तासांत तिथेच पक्कं होतं. ती बसलेली सापडली, म्हणजे रक्त पायात आणि हातात उतरायला पाहिजे, पण लालसर डाग पाठीवर आणि त्यात पांढरे पट्टे, क्रेटच्या जाळीचे. डॉक्टरने ते रिपोर्टात लिहिलंय, फक्त जाळी कशाची ते त्याला माहीत नाही कारण तो पुण्याचा. दोन, कैऱ्या. तिच्या ओच्यात पन्ह्यासाठी घेतलेल्या दोन कैऱ्या होत्या, त्या मुद्देमालात गेल्या. तीन-चार दिवसांनी ठाण्यात वास सुटला, बघतात तर पिवळ्या. त्याच झाडाच्या, त्याच दिवशी उतरवलेल्या बाकीच्या कैऱ्या पाटलाच्या आईकडे अजून टणक हिरव्या. केळीला सोडलेला गॅस आंब्याला पण लागतो हे त्या पट्ट्यातल्या शेंबड्या पोराला कळतं. यात कुठे जादू आहे? नाहीच. खुनाचा मोठा भाग साधा ठेवा, जादूचा एकच टाका.

तो टाका म्हणजे कुलूप. चेंबरची चावी एका व्यापाऱ्याकडेच, म्हणून सगळा संशय त्याच्यावर. खऱ्या खुन्याने जादूने कुलूप उघडलं.

आता लपलेल्या वस्तीच्या मिस्टरीतलं खरं इंजिन काय ते सांगतो, मला फार उशिरा कळलं. साध्या मिस्टरीत खुनी खोटं बोलतो. इथे सगळेच खोटं बोलतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि डिटेक्टिव्हचं काम खोटं पकडणं नाही, कोणतं खोटं कशासाठी हे वेगळं करणं. आखाजीला आपल्याकडे पत्ते चालतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि जुगार गुन्हा आहे हे पण माहीत आहे. त्यामुळे पोलिसांनी विचारलं की गावातला प्रत्येक पुरुष सांगणार, मी घरी झोपलो होतो साहेब. हे पहिलं खोटं. वस्तीतले लोक वस्ती लपवायला खोटं बोलणार, हे दुसरं. आणि या ढिगाऱ्याखाली तिसरं, एकट्याचं. गंमत म्हणजे खुनी पण आधी म्हणतो मी झोपलो होतो, आणि मग पाटलाने दोनदा विचारल्यावर लाजत लाजत कबूल करतो की पत्ते खेळत होतो, आणि वाचकाला वाटतं चला याचं खोटं सापडलं, हा सुटला. कबूल केलेलं छोटं खोटं हे मोठ्याला झाकायला सगळ्यात भारी पांघरूण, वापरून बघा.

खुनी कोण तर मेलेलीचा दीर, सत्तरीचा, बिचारा वाटावा असा. त्याचे आयुष्यभराचे पैसे पतसंस्थेत अडकलेले, आपल्याकडे अशी घरं काढायला लांब जावं लागत नाही. त्याने रात्री पतसंस्थेचं कुलूप जादूने उघडून फक्त आपलेच पैसे काढले, एक रुपया जास्त नाही. त्याच्या वहिनीला, म्हणजे त्या हिशोबवालीला, त्याच्या बोलण्यावरून कळलं. ती म्हणाली आखाजीला लिहीन आणि पंचांसमोर ठेवीन. पंचांनी वाळीत टाकलं की या वयात जाणार कुठे? कारण असं शोधा की वाचक क्षणभर म्हणेल, अरे मी पण हेच केलं असतं, आणि मग स्वतःलाच घाबरेल.

आणि वाचकाला दिसूनही न दिसणारा पुरावा कुठे? जबाबात. पाटील त्याला विचारतो चेंबरकडे गेला होता का, तो म्हणतो, "गयथू भो संध्याकायले, पन लॉक व्हतं." बस, एवढंच वाक्य. आपण सगळेच आता लॉक म्हणतो, त्यामुळे डोळा त्यावरून घसरून जातो. पण सत्तर वर्षांचा, दुसरी शिकलेला, बटन मोबाईल वापरणारा माणूस, जो आधीच्या शंभर पानांत गाडीला मोटार आणि डॉक्टरला डागदर म्हणतो, तो कुलूप का नाही म्हणाला? कारण त्याच्याकडे तो शब्दच उरला नाही. पतसंस्थेचं कुलूप उघडलं तेव्हाच गेला, आणि हिशोबवालीने पकडलं ते पण यावरूनच. हा पुरावा इंग्रजीत लिहिताच आला नसता, आपल्या बोलण्यातल्या भेसळीतूनच तो निघतो, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो, खोटं कशाला बोलू.

पण हे चालायला भाषा पक्की पाहिजे. बाकीच्या तीन म्हाताऱ्यांच्या तोंडी कुलूप हा शब्द आधी येऊन गेला पाहिजे, सहज, म्हणजे वाचकाच्या कानाला सवय लागेल. आणि अख्ख्या खान्देशला एकच अहिराणी लावू नका. धुळे-अमळनेरकडे माले-तुले, आठे-तठे, उना-गया. रावेर-यावल-फैजपूर म्हणजे लेवा बोली, बहिणाबाईंच्या ओव्या ज्यातून आल्या ती, तिचा ठेका वेगळा. सातपुड्यात पावरी, भिल्ली, तडवी. माझ्या गोष्टीतला दीर लेवा पट्ट्यात राहूनही अहिराणी बोलतो कारण तो मूळचा अमळनेरकडचा, हे मला एका वाक्यात सांगून टाकावं लागलं, नाहीतर रावेरच्या वाचकांनी मला सोडलं नसतं. निवेदन साध्या मराठीत ठेवा, बोली संवादात, आणि संवाद पण असे की संदर्भाने कळतील. पानाच्या खाली अर्थ देत बसू नका, कंटाळा येतो.

लिहिण्याचा क्रम? खुनाच्या तासापासून मागे आणि पुढे. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता काढला, डाव्या बाजूला तास, वरती पात्रांची नावं, प्रत्येक चौकोनात तो माणूस खरंच कुठे होता आणि तो कुठे होतो म्हणून सांगतो. दोन शाईंनी. लोडशेडिंगच्या वेळा पण टाकल्या, कारण चेंबरची लाईट गेली तर जनरेटर चालतो आणि जनरेटरचा आवाज कुणीतरी ऐकणारच. हा तक्ता झाल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नका, मी लिहिलं होतं, ती नव्वद पानं अजून माळ्यावर आहेत.

झाल्यावर तीन वाचक पकडा, एक मिस्टरी खूप वाचणारा, एक अजिबात न वाचणारा आणि एक त्या पट्ट्यातला केळीवाला. त्यांना पेन्सिल द्या आणि सांगा, ज्या पानावर खुनी कळला असं वाटेल तिथे फक्त नाव लिहून पुढे वाचा. तिघांनी दीर लिहिला तर पुरावा उघडा पडलाय, तिघांनीही नाही लिहिला आणि शेवटी चिडले तर पुरावा कमी पडलाय. माझ्या वेळी केळीवाल्याने कैऱ्यांच्या पानावरच व्यापाऱ्याचं नाव लिहिलं, मिस्टरीवाल्याने पाटलाच्या आईचं. वहिनी चौथी, तिला पेन्सिल दिलीच नव्हती. तिने लॉकच्या ओळीखाली नखाने रेघ मारली होती आणि बाजूला हळदीचा डाग.

मी ती ओळ अजून दोन पानं मागे सरकवली.